पायमोज्यांचा सहावा जोड

मंडळी, ऐका. आज प्रश्न एकच आहे. सोपा वाटेल, पण तेवढा सोपा नाही. देवाला ठेवायचं कुठे?

हसलात! "देव्हाऱ्यात!" — पहिल्या रांगेतून आलंसुद्धा उत्तर. शाबास. आणि घराला कुलूप लावून निघालात, तर? "देव सगळीकडे आहे हो!" — हे खांबाजवळचे आजोबा म्हणतात. आजोबा, मान्य! पण सगळीकडे आहे म्हणता, आणि चपला मात्र बाहेर काढूनच आलात ना? म्हणजे काही जागा त्याच्यासाठी नाहीत, असं आपण धरून चालतो. त्या कोणत्या? कुणी ठरवल्या? बघा, गोंधळ सुरू झाला! तो होऊ द्या. आजचं आख्यान गोंधळाचंच आहे.

(पेटीवाले, काळी दोन द्या.)

जागा शोधिता दमले । कुठे ठेवू तुला बाळा ॥

मिरजेत शरयूबाई कुंटे नावाच्या एक गृहिणी. वय पासष्ट. यजमान दिगंबरपंत — रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तेहेतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. त्या माणसाचं एक तत्त्व होतं — पोकळी ठेवायची नाही! वॅगनमध्ये नाही, खोक्यात नाही, घरातही नाही. बरणी रिकामी दिसली की तिच्यात वाटी, वाटीत चमचे, चमच्यांच्या मधे सुतळीचं गुंडाळं. शरयूबाई चहाची गाळणी शोधायला लागल्या, की आधी विचारायच्या, "अहो, आज कशाच्या पोटात आहे?"

तर यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. पुण्याच्या मुलीने — ऋजुताने — भेट दिली. काय भेट? युरोपात जायचं! डॅन्यूब नावाच्या नदीवर, जहाजात राहायचं, आठ दिवस. आणि कधी? डिसेंबरात! बाहेर तापमान उणे चार, जहाजात अधिक बावीस. सव्वीस अंशांचा फरक — एका दारात! मिरजेत एवढा फरक पडायला अर्धं वर्ष लागतं हो.

मग आल्या याद्या. मुलीची यादी — थर्मलचे तीन जोड, लोकरीचे पायमोजे सहा जोड, बर्फावर न घसरणारे बूट, चालायचे वेगळे, जहाजातले वेगळे. शेजारच्या टिल्लूकाकू एकदा लंडनला जाऊन आलेल्या — म्हणजे अधिकारी व्यक्ती! त्या म्हणाल्या, "शरयू, एक जाड कोट घे नि सुटलीस." ऋजुता फोनवर म्हणाली, "आई, जाड काही घेऊ नकोस! पातळ पातळ थर. एकावर एक."

"अगं, पण थर साडीच्या आत की बाहेर?"

"आई, साडी कशाला?"

"मग थर कशावर घालू?"

मुलीने फोन वडिलांकडे द्यायला सांगितलं.

आता, मुलीचं म्हणणं शास्त्राला धरून होतं बरं का. कपडा ऊब देत नाही. ऊब आपली, आपल्याच अंगाची. दोन थरांच्या मधे हवा अडकते, ती हवा आपली ऊब बाहेर जाऊ देत नाही. एवढंच. पण हे शरयूबाईंना कुणी सांगितलंच नाही! सगळ्यांनी संख्या सांगितली — तीन घाल, चार घाल — कारण कुणीच नाही. परमार्थातही आपलं असंच होतं. माळ किती वेळा ओढायची ते सांगतात... असो. पुढे चला.

पण शरयूबाईंची खरी अडचण कपड्यांची नव्हती. अडचण होती मूठभरसुद्धा नाही एवढी — लिंबाएवढी. माहेराहून लग्नात आलेला पितळी बाळकृष्ण! रांगता. एक गुडघा टेकलेला, एका हातात लोणी. चाळीस वर्षांत एक दिवस त्याची आंघोळ चुकली नव्हती. बाळंतपणात दिगंबरपंतांनी घातली, पण चुकली नाही.

टिल्लूकाकू म्हणाल्या, "माझ्याकडे ठेव. देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा ठेवतेयस, तसा हाही."

"अन्नपूर्णा मोठी बाई आहे हो. तांदळात बसून राहील बारा दिवस. रांगतं पोर कुणाकडे टाकून जाऊ?"

आहे उत्तर? ठरलं — बाळ बरोबर येणार!

आणि मग बूट आले. जाड तळाचे, घोट्याच्या वरपर्यंत. ऋजुता म्हणाली, "आई, रोज घरात घालून चाल. नाहीतर तिकडे फोड येतील." घरात! बूट घालून! देव्हाऱ्यासमोरून!

शरयूबाई रात्रंदिवस विचारात. बूट कोरा आहे. जमिनीला लागलेला नाही. मग तो बूट आहे, की बुटाच्या आकाराची पिशवी? चपलेत अशुद्ध काय असतं — चामडं? तर मृदंगालाही चामडंच असतं, आणि तो देवासमोर वाजतो! मग धूळ? ती तर अजून लागलीच नाही. म्हणजे कोरा बूट शुद्ध? पण पाय घातला की? पहिल्या पावलाला, की दुसऱ्या?... मंडळी, मोठमोठ्या पंडितांना घाम फुटेल असा प्रश्न! शेवटी बाईंनी मधला मार्ग काढला — गच्ची. भर दुपारी, मिरजेच्या उन्हात, साडीवर जाकीट, पायात बर्फाचे बूट, आणि येरझारा! समोरच्या घरातल्या बाईंनी दिगंबरपंतांना बाजूला घेऊन विचारलं, "वहिनींना बरं वाटत नाही का?"

बूट असे गच्चीवर बूट झाले. पण त्या विचारातून एक निष्कर्ष बाईंच्या मनात पक्का बसला — जे कोरं, ते शुद्ध. निघायच्या दिवशी बाळकृष्णाला गुंडाळायला मऊ काहीतरी हवं होतं. सहा जोडांतला सहावा जोड, कोरी पांढरी लोकर! पायमोजा? छे, पाय गेलाच नाही आत, मग मोजा कसला? लोकरच ती. बाळ एका मोज्यात, वरून दुसरा मोजा, छान गोळा केला आणि ताम्हण-पळीबरोबर हातातल्या बॅगेत ठेवला. बाळ काय सामानाच्या डब्यात जातं? आईच्या मांडीवरच बसायचं त्याने.

लक्षात ठेवा हं, मंडळी. गोळा कुठे आहे? हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगेत काय? कपडे, मेतकूट, आणि बूट. मधे अंतर. सगळं शास्त्रोक्त!

मुंबईचा विमानतळ. काउंटरवरच्या मुलीने हातातली बॅग काट्यावर ठेवली. "मॅडम, सात किलो चालतं. ही नऊ आहे."

ऋजुताने आधीच युक्ती सांगितली होती — वजन जास्त झालं, तर कपडे अंगावर चढवा! शरयूबाई दोन स्वेटर, थर्मल, कानटोपी घेऊन प्रसाधनगृहात शिरल्या. बाहेर बत्तीस अंश! आत साडीखाली थर्मल चढवायचे — ज्यांनी केलंय त्यांनाच ते दुःख कळेल. आणि इकडे काउंटरवर कोण उरलं?

दिगंबरपंत!

समोर दोन्ही बॅगा उघड्या, हातातलीतलं मोठीत भरायचं, मागे रांग, आणि तेहेतीस वर्षांचा हात. त्या हाताला विचार करावा लागतो का? मेतकुटाची पिशवी कोपऱ्यात. शाल फटीत. आणि समोर उभा आहे एक बूट — पोकळ! आ वासून! पार्सलवाल्याला ते सहन होईल? हाताला लागला पायमोज्यांचा गोळा. आता तुम्ही सांगा, बुटात काय भरतात? लहान पोर सांगेल! गोळा बुटात. वरून स्वतःच्या कानटोपीचं बूच. बॅग बंद. पट्ट्यावर. गेली!

शरयूबाई आल्या — भोपळ्यासारख्या फुगलेल्या, घामाने भिजलेल्या. "झालं का?"

"झालं! सहा किलो नऊशे!" पंतांची छाती भरून आली होती.

विमान वर गेलं. बाईंनी बॅग मांडीवर घेतली. बाळाला एकदा बघावं. ताम्हण आहे. पळी आहे. लोकर...? पुन्हा पाहिलं.

"अहो, इथला गोळा कुठाय?"

"कसला गोळा?"

"पायमोज्यांचा."

"हां, तो? तो बुटात कोंबला."

कोंबला! मंडळी, शब्द ऐका. ठेवला नाही, पहुडवला नाही — कोंबला.

शरयूबाई रडल्या नाहीत. ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त पायांखालच्या गालिच्याकडे बघितलं. त्याच्या खाली सामान. सामानात बूट. बुटात...

"त्यात बाळ होतं," त्या म्हणाल्या.

पंतांचा हात खाऊच्या पाकिटात होता, तो तिथेच राहिला.

चूक कुणाची, सांगा. पंतांची? पायमोजे बुटात घालू नयेत, असं कुठे सांगितलंय? बाईंची? कोरी लोकर शुद्ध नाही म्हणता? प्रत्येक पायरी बरोबर होती. आणि त्या बरोबर पायऱ्या उतरत उतरत देव कुठे पोचला? बुटात!

जागा शोधिता दमले । कुठे ठेवू तुला बाळा ॥

बरं, एवढ्यावर भागलं असतं. पण वाटेत विमान बदलायचं होतं. माणसं बदलली, बॅग राहिली! जहाजावर पोचले तेव्हा जवळ काय? अंगावरचे फुगलेले थर, ताम्हण, पळी, पायात चपला. तिथला माणूस म्हणाला, "दोन दिवसांनी पुढच्या धक्क्यावर मिळेल बहुतेक." बहुतेक!

दुसऱ्या दिवशी सकाळी पंतांना जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. खिडकीबाहेर करडी नदी, काठाला बर्फ. शरयूबाई न्हाऊन आलेल्या. मेजावर रिकामं ताम्हण. त्यांनी नळाचं पाणी पेल्यात घेतलं. मग दुसरा नळ सोडून थोडं गरम मिसळलं. बाही वर केली आणि पाण्याला कोपर लावून पाहिलं — तान्ह्या मुलाच्या आंघोळीला बघतात तसं. मग एकेक पळी ताम्हणात. रिकाम्या ताम्हणात.

"अगं, कुणाला घालतेस आंघोळ?"

"तुम्ही बुटात कोंबलात त्याला. गार पडला असेल."

पंत उठले, आणि टॉवेल घेऊन बाजूला उभे राहिले. का उभे राहिले, त्यांनाही सांगता आलं नसतं.

लोक जहाजातून उतरायचे, गावं बघायचे, गरम चॉकलेट पिऊन लाल नाकाने परत यायचे. शरयूबाई खाली उतरल्या नाहीत. "तुझे बूट येईपर्यंत नवे घेऊ?" पंतांनी विचारलं. "माझे बूट येताहेत," एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या सकाळी बॅग आली! पंतांनी कुलूप काढलं — आणि सगळं पिवळं! मेतकुटाची पिशवी फुटलेली. थर्मल पिवळे, स्वेटर पिवळे, पंतांची चांगली पॅन्ट पिवळी. बाईंनी कशाकडेही बघितलं नाही. बूट काढला. टोपीचं बूच ओढलं. आत पांढरा शुभ्र गोळा! मोज्यातून मोजा काढला, आणि बाळ हातावर आलं. एक गुडघा टेकलेला, लोणी शाबूत. अख्ख्या बॅगेत मेतकूट न लागलेली एकच जागा होती, मंडळी — तो बूट!

आंघोळ झाली. जहाज धक्क्याला लागलं होतं. पंत म्हणाले, "चल आता. घाल बूट."

शरयूबाईंनी बूट पुढ्यात घेतला. आणि तशाच बसल्या.

"आता काय झालं?"

"यात पाय कसा घालू?"

बघा हं! परवापर्यंत प्रश्न होता — जिथे पाय जातो तिथे देव कसा ठेवावा? आता प्रश्न उलटा. जिथे देव राहिला, तिथे पाय कसा ठेवावा?

पंत समजावू लागले. "अगं, तो पायमोज्यात होता, बुटाला लागलाच नाही!"

"मग पायमोजेही गेले!"

"बरं, एकाच बुटात होता ना? दुसरा तर—"

"एक घालू नि एक डोक्यावर घेऊ? बर्फात?"

पार्सल ऑफिसात असा माल कधी आला नव्हता.

मग शरयूबाईंना काय आठवलं कोण जाणे. रोज सकाळी अंथरुणातून उठताना आपण काय करतो? करत असाल तर! जमिनीला हात लावतो. आई, तुझ्यावर पाय देतो, क्षमा कर, म्हणतो. आणि मग? मग काय, तरंगत जातो का? पाय ठेवतोच! दुसरी जागाच नाही. क्षमा मागायची, आणि हलक्याने ठेवायचा.

बाईंनी दोन्ही बुटांना हात लावला, हात कपाळाला नेला, आणि पाय आत घातला. आत ऊब होती म्हणे. शास्त्र सांगेल, खोलीतल्या हिटरची. असेल. तपासायला तिथे कुणी नव्हतं.

आणि बाळ? ते कुठे ठेवलं? मेजावर नाही, बॅगेत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या थराच्या मधे, जाकिटाच्या आतल्या खिशात, छातीशी. थर कशासाठी असतात ते बाईंना तेव्हा कळलं. आणि दिगंबरपंतांनी बर्फावर तिचा हात धरला — दोघांच्या मधे पोकळी नको म्हणून.

तर मंडळी, देवाला ठेवायचं कुठे? मी काही पक्कं उत्तर आणलेलं नाही. एक निरीक्षण तेवढं सांगते. गेला तासभर इथे बसून बघतेय — दर थोड्या वेळाने एकेक मान दाराकडे वळते. काय आहे दाराकडे? तुमच्या चपला! नव्या असतील, कुणी घालून जाईल, पोराने कुठे सरकवल्या असतील.

त्या बाईचा देव तीन दिवस बुटात होता, आणि मन देवापाशी. आपला देव इथे गाभाऱ्यात आहे, दिवा लावून, हार घालून. आणि मन?

...हो आजोबा, आहेत. तुमच्या चपला जिथल्या तिथे आहेत. आता तरी इकडे बघा — आरती सुरू होतेय.