मधलं नाव

बोरसे सर : नाही भाऊ, तुमची सही चालायची नाही.

झुलाल : का बरं नाही चालणार? तीन वर्षांखाली याच कॉलेजात पोरीचा फॉर्म भरला, तवा पालकाची सही म्हणून माझीच घेतली ना तुम्ही? आत घालायला चालली न् आता काढायला चालत नाही?

बोरसे सर : तिला कॉलेजातून काढायचंय का तुम्हाला?

झुलाल : कॉलेजातून नाही. निवडणुकीतून. कुंदा झुलाल भदाणे, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. जी.एस.ला उभी राहिली म्हणे. मला न विचारता. ते नाव खोडा, मी माझ्या रस्त्याने जातो.

बोरसे सर : मग ऐका. मी इथला निवडणूक अधिकारी, म्हणून वाचून दाखवतो. नियम सात. उमेदवारास माघार घ्यायची असल्यास त्याने स्वतः, निवडणूक अधिकाऱ्यासमोर, दुपारी तीनच्या आत, कारण नमूद करून सही करावी. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाचाही अर्ज घेतला जाणार नाही.

झुलाल : दुसऱ्या कोणाचा ना? मी काय दुसरा आहे? बाप आहे मी तिचा.

बोरसे सर : या नियमापुरता बापसुद्धा दुसराच.

झुलाल : बरं. मग एक सांगा. मताच्या चिठ्ठीवर नाव कसं छापता?

बोरसे सर : हजेरीपटावर असतं तसं. पूर्ण.

झुलाल : म्हणजे तिच्या नावात मधलं नाव माझं.

बोरसे सर : अर्थात.

झुलाल : झालं मग. तिचं राहू द्या, आडनाव पण राहू द्या, ते सगळ्या भाऊबंदांचं आहे. मधलं तेवढं माझं मी मागे घेतो. मी स्वतः आलोय, तुमच्यासमोर उभा आहे, तीन वाजायला अजून टाइम आहे. आणा कागद. बसतो ना आता नियमात?

बोरसे सर : भाऊ, अठरा वर्षं झाली मला शिकवायला. असा अर्ज कोणी केला नव्हता.

झुलाल : हसू नका सर. मी सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नाही.

बोरसे सर : हसत नाही. बसा आधी. तो तांब्या घ्या. मधलं नाव काढता येत नाही. आणि सातव्या नियमाचं म्हणाल तर तो पुण्याच्या विद्यापीठाने नाही पाठवला, मी घातलाय. हे बघा, माझंच अक्षर आहे.

झुलाल : मग तुम्हीच घातला तर तुम्हीच एवढ्यापुरता बाजूला ठेवा ना.

बोरसे सर : गेल्या वर्षी ठेवला असता, तेव्हा नियमच नव्हता. मोतीलाल नावाचा मुलगा उभा होता. धरणगावकडचा, गरीब, पण बोलायला चांगला. शेवटच्या दिवशी एक गृहस्थ आले. टोपी, उपरणं, अगदी तुमच्यासारखे. म्हणाले, मी त्याचा मामा, घरी आजारपण आहे, पोराचा अर्ज मागे घ्या. मी घेतला. दोन दिवसांनी मुलगा आला. सर, यादीत माझं नाव कुठंय? त्याला मामाच नव्हता, भाऊ.

झुलाल : मग काय केलं त्याने?

बोरसे सर : काही नाही. दाखला घेऊन निघून गेला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

झुलाल : पण मी खरा बाप आहे.

बोरसे सर : दिसतंय. तरीपण तिलाच बोलावणं पाठवलंय. ती येईल, तिला करायची तर ती करेल सही. तोवर मला सांगा, तुम्हाला कळलं कोणाकडून? तिने सांगितलं?

झुलाल : ती कशाची सांगते. काल बाजार होता. मिरच्या घेऊन गेलो. बाजाराच्या भिंतीवर लाल रंगात हातभर अक्षरं. कुंदा झुलाल भदाणे. आमचे भाईदास नाना संगे होते, त्यांनीच आधी वाचलं. त्यांनीच पिंपळनेरचं स्थळ आणलंय, रविवारी माणसं येणार आहेत पोरीला बघायला. नाना म्हणाले, झुलाल, जिचं नाव चव्हाट्यावर लागलं ती पोर कोणी घरात घेईल का? उद्या नाव काढल्याचा कागद आणून दाखव, नाहीतर मी त्यांना येऊ नका म्हणून कळवतो. आणि खाली कोणी कोळशाने दोन शब्द लिहिले होते.

बोरसे सर : कोणते?

झुलाल : ते मी तोंडाने बोलत नाही. उपरण्याने पुसायला गेलो. बाजार भरलेला, लोक बघतात. ते काही निघेना, उलटं सगळं काळं झालं. लाज वाटली सर. या वयात बाजारात उभं राहून मी भिंत पुसत होतो.

बोरसे सर : थांबा. बाजार म्हणजे धुळ्याचा?

झुलाल : नाही हो. आमचा साक्रीचा.

बोरसे सर : साक्रीत? भाऊ, साक्रीकडची आमच्याकडे सगळी मिळून वीस-बावीस मुलं. ती दिवसभर इथंच असतात. त्यांच्यासाठी एवढ्या लांब जाऊन कोणी भिंत रंगवत नाही.

झुलाल : मग कोणासाठी रंगवली?

बोरसे सर : हे खिडकीतून बघा. समोरच्या भिंतीवर नावं आहेत, नियम मोडूनच लिहिलीत, पण बघा. कोणाच्या नावात बापाचं नाव दिसतं का?

झुलाल : नाही. एकाच्या पण नाही.

बोरसे सर : पोरं नुसतं नाव लिहितात नि पुढे जी.एस. तुमच्या बाजारात मधलं नाव घातलं, कारण ते वाचणारा एकच माणूस होता.

झुलाल : म्हणजे मला बोलावलं.

बोरसे सर : हो. आणि तुम्ही आलात.

कुंदा : सर, येऊ का? आबा. तुम्ही इथं?

झुलाल : ये बेटा. बस. बाजारमा तुनं नाव कोनी लिखं, माहित शे का तुले?

कुंदा : कोनतं नाव? मी तर कोठेच नाव लिखं नही, आबा. रंगाले पैसा कोठे शेतस मनाजोडे? मी वर्गावर्गात जाऊन बोलते, बस.

झुलाल : न् उभी कसाले राह्यनी? माले सांगता नही येत व्हतं?

कुंदा : सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं.

झुलाल : म्हटलंच असतं.

कुंदा : सर, मी आबांना सांगते ते तुम्हाला ठाऊकच आहे. आबा, आमचं प्रॅक्टिकल पाचला सुटतं. साक्रीची गाडी साडेचारची. पुढची सव्वासहाची, ती शेवटची; आपल्या फाट्यावर उतरेपर्यंत रात्र होते. पहिल्या वर्षाला आपल्या तिकडच्या आम्ही सहा मुली होतो. आता मी आणि शेवंता दोघीच. शेवंताचा बाप म्हणतो, दिवाळीनंतर बंद.

झुलाल : म्हणतो ना. माझ्याशीच बोलला. थंडीत फाट्यावर रोज कोण उभं राहील, असं म्हणाला.

कुंदा : तुम्ही राहता.

झुलाल : मी राहतो, माझी गोष्ट वेगळी.

कुंदा : तीन वर्षं झाली. मागच्या पौषात तुम्हाला ताप होता, तरी बॅटरी घेऊन फाट्यावर होतात. मी गाडीच्या खिडकीतून बघायची, उजेड दिसला की मग उतरायची. आबा, प्रॅक्टिकल एक तास अलीकडे घ्या, एवढंच मागायचंय मला कॉलेजकडे. प्राचार्य म्हणाले, निवडून ये, मग बोल. म्हणून उभी राहिले.

झुलाल : हे तू घरी कधी बोलली नाहीस.

कुंदा : तुमच्यामुळे उभी राहिले हे तुम्हाला कसं सांगू?

बोरसे सर : तीनला दहा मिनिटं कमी आहेत. कुंदा, तुझे वडील माघारीसाठी आलेत. नियमाने तुला विचारणं माझं काम. कोणाचा दबाव असेल तर तसंही सांग.

कुंदा : दबाव नाही सर. बाप आहे. द्या कागद. आबा, मी सही करते. तुम्हाला बाजारात मान खाली घालायला लावून मला नाही व्हायचं जी.एस. ही घ्या, केली. कारणाचा रकाना तेवढा रिकामा आहे. मला काही सुचत नाही. तुम्ही लिहा.

झुलाल : मी?

कुंदा : चौथी शिकलेत ना. लिहा.

झुलाल : सर, लग्न जमतंय, असं लिहिलं तर चालतं का?

बोरसे सर : खरं असेल ते चालतं. जमलंय?

झुलाल : जमलं नाही अजून. माणसं यायची आहेत. आणि हा कागद कोण वाचतं?

बोरसे सर : माघारीची यादी कारणासकट फलकावर लागते. सगळेच वाचतात.

झुलाल : ज्याने भिंत रंगवली तो पण.

बोरसे सर : तो सगळ्यात आधी.

झुलाल : कुंदा, ती गाडी फाट्यावर थांबते, मग तू उतरेपर्यंत मला काय वाटतं माहीत आहे का तुला? रोज. वाटतं, आज नाही उतरली तर? तीन वर्षांत मी कोणाला बोललो नाही. तुझ्या आईलाही नाही.

कुंदा : आबा...

झुलाल : शेवंताच्या बापाला मी भित्रा म्हणालो होतो. किती झाले सर?

बोरसे सर : तीनला चार कमी.

झुलाल : हे पेन घ्या तुमचं. मला काही लिहिता येत नाही त्यात.

कुंदा : न् भाईदास नाना? रविवारनी मान्से?

झुलाल : नानाले मी सांगसू. येनं व्हई तर येवोत, नही तर राहोत.

बोरसे सर : भाऊ, विचार करा. तीन वाजल्यावर मला काही करता येणार नाही. मतपत्रिकेवर तुमचं नाव लागेल. ती हरलीसुद्धा, तरी लागलेलं असेल.

झुलाल : लागू द्या. भिंतीवर लागलं ते दुसऱ्याने लावलं. हे आम्ही लावलं.

(बाहेर शिपाई तीनचे टोल देतो.)

बोरसे सर : संपली वेळ. कारण नाही, त्यामुळे हा अर्ज मला धरता येत नाही. नाव राहिलं.

झुलाल : मत कधी टाकायचंय?

बोरसे सर : शुक्रवारी.

झुलाल : आणि मोजायला किती वाजतात?

बोरसे सर : सात तरी होतात.

झुलाल : म्हणजे हिची शेवटची गाडी चुकली.

कुंदा : शेवंताच्या मावशीकडे राहीन आबा, इथंच देवपुरात.

झुलाल : राहा. पण तिथवर अंधारात एकटी कशाला? सर, त्या दिवशी बाहेरच्या माणसाला आत उभं राहू देतात का? का त्याचाही नियम आहे?

बोरसे सर : फाटकाच्या बाहेर उभं राहायला नियम नाही.

झुलाल : मग बॅटरी घेऊन मी फाटकाशी उभा असतो. तू उजेड बघून ये.