मोठा पाइप कोणी ओढायला सांगितला?

प्रतिभा : म्हणजे आजपासून मी बंबावर नाही? नुसती फोनवर बसू?

खंडेराव : हो. आगीचे फोन घेणं हेही कामच आहे.

प्रतिभा : पण साहेब, माझं चुकलं काय ते तरी सांगा! काल पंचवटीत गादीचं दुकान पेटलं, वरच्या मजल्यावर सुमनबाई अडकलेल्या. आग विझली, बाई धडधाकट खाली उतरल्या. आणि शिक्षा मला?

खंडेराव : मी काय सांगितलं होतं? बंबावर रीलला गुंडाळलेला बारीक पाइप ओढ. एकटा माणूस धरतो, लगेच पाणी सुरू. तू ऐकलंस? सरळ मोठा पाइप काढलास!

प्रतिभा : अहो, आत कापूस नि फोम जळत होता, कचराकुंडी नव्हती! रोज कचरा आणि स्कुटरी विझवून आपला हात आपोआप रीलकडे जातो. त्या भट्टीत एवढ्याशा पाण्याची वाटेतच वाफ झाली असती. आधी मी भाजले असते, मग वर त्या.

खंडेराव : शेजारचा साडीवाला सकाळपासून बोंबलतोय. माल भिजला त्याचा.

प्रतिभा : भिजलाच ना? जळला तर नाही! वाळत घाल म्हणावं गोदाकाठी!

खंडेराव : आवाज खाली. मोठ्या पाइपला माणसं लागतात. आपण तिघं, त्यातला ड्रायव्हर पंपावर. धरणार कोण होतं?

प्रतिभा : हेच कधीतरी वरच्यांना विचारा की! माणसं द्यायची नाहीत, आणि माणसं नाहीत म्हणून बारीक पाइप घेऊन आत शिरा म्हणायचं. आग काय आपली हजेरी बघून पेटते? चीड येते हो साहेब!

खंडेराव : म्हणून भाजीवाल्या बायकांच्या हातात पाइप दिलास? एखादी आपटली असती, तर माझी वर्दी उतरली असती.

प्रतिभा : दुकानाच्या दारात मी होते. त्या पार मागे, गल्लीच्या वळणावर. पाइप तिथं अडकत होता, तो त्यांनी पुढे सरकवला. मी बोलावलंही नव्हतं, टोपल्या टाकून धावल्या बिचाऱ्या.

(फुलाबाई दारात येते. दोन्ही तळहातांना हळद लावलेली.)

फुलाबाई : सायेब, येऊ का? पंचवटीतली भाजीवाली मी. काल पाइप धरला व्हता.

खंडेराव : या, बाई. बघ प्रतिभा, आली तक्रार. बोला, किती लागलंय?

फुलाबाई : कसली तक्रार? जरा सोललंय, लय नाय. पण पाणी आलं तसा त्यो पाइप असा उसळला, काय सांगू! धरायचा कसा त्येच ठावं नव्हतं.

खंडेराव : तुम्ही धरायचाच नव्हता, बाई.

फुलाबाई : मंग कोन धरनार? आमच्या गल्लीत तुमचा बंब शिरत नाय. पुन्हा पेटलं तर पयल्या आमीच हाय तिथं. चौघीजणी आल्यात, भाईर उभ्या हायेत. नीट शिकवा आमाला. ह्या पोरीलाच सांगा, काल हिच्यामुळंच सुमनबाई वाचल्या.

प्रतिभा : मी बंबावर नाही आता, मावशी.

फुलाबाई : आँ? का बरं?

खंडेराव : ...प्रतिभा.

प्रतिभा : काय साहेब?

खंडेराव : मोठा पाइप खाली काढ. दाखव यांना नीट. जा, फोन मी बघतो.