एका पाणमांजराचे पाच मालक

...अहो, दाजींची चूक एवढीच, की त्यांनी साहेबांचं ऐकलं! 'सगळं एकत्र करा' म्हणे! म्हणायला काय जातंय? आमचे दाजी म्हणजे ताईचे यजमान, पर्यावरण खात्यात कॉम्प्युटरवर बसणारा गरीब माणूस. आणि नदीवर पाणमांजरांचा अभ्यास करणारे पाच जण. पाच जणांचे फोटो पाच कपाटांत, एकाचं दुसऱ्याला दिसायचं नाही. आणि तुम्हाला सांगतो, त्यातलं पाचवं कपाट खुद्द ताईचं!

दाजी दारोदार फिरले. थोरले प्रोफेसर म्हणाले, "देतो की... मी मेल्यावर." मॅडम म्हणाल्या, "आधी त्यांचे आणा, मग माझे बघू." तिसऱ्यानं तर कपाटाला पाठ लावून चहा पाजला! आणि घरी ताई? "नवरा आहात ते घरात. कपाटाशी तुम्ही परके!"

साहेबांनी सगळ्यांचा निधी अडवला, तेव्हा कुठे कुलपं निघाली. दाजी डोळे फोडत बसले. कुणी तारीखच लिहिलेली नाही, कुणी जागा लिहिलीय 'नेहमीचा दगड'! अहो, कुणाचा नेहमीचा? तरी जुळवलं. आणि जुळवता जुळवता दाजींना दरदरून घाम फुटला. प्रोफेसरांचा 'सेनापती', मॅडमची 'सुंदरी', ताईचं 'बाळ'... सगळ्यांच्या नाकावर तीच खोक, शेपटीला तोच बाक! पाच जणांची मिळून चाळीसेक पाणमांजरं... सगळं एकत्र करा म्हणे! केलं, तर निघालं एकच! म्हातारं! नदीतलं शेवटचं!

बैठकीत दाजींनी फोटो शेजारीशेजारी लावले. वाटलं, आता तरी यांच्या डोळ्यांत पाणी येईल. आलं की! प्रोफेसर हुंदका देऊन म्हणाले, "म्हणजे माझ्या मांजराचे फोटो इतकी वर्षं हे चौघं काढत होते?"

साहेब म्हणाले, "एकच उरलंय ना? मग जपा. माग काढायचा एक पट्टा बांधा, कुठे जातं ते सगळ्यांना कळेल." सगळ्यांना! तिथंच माशी शिंकली. दुसऱ्याच्या पट्ट्यावर भरवसा कोण ठेवणार? पाच जण, पाच पट्टे! दाजी कळवळून म्हणाले, "अहो, त्याला पेलायचं नाही!" ताईनं चारचौघांत सुनावलं, "तुम्ही तुमचा कॉम्प्युटर बघा." गळ्यात एक, पोटाला दोन, पाठीवर एक, शेपटीला एक... पिंजऱ्याचं दार उघडलं. म्हाताऱ्यानं घटकाभर दाजींकडे बघितलं, पाण्यात सूर मारला...

आणि वर आलंच नाही. अख्खा जन्म पाण्यात काढलेला जीव, बुडून मेला हो! यंत्रं मात्र पाचही झकास चालली. पाची जणांना एकाच वेळी एकच जागा कळली. झालं ना सगळं एकत्र!

दाजी काठावर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. इकडे वाटणीवरून जुंपली होती. कातडं प्रोफेसरांनी नेलं, शेपूट मॅडमनी, हाडं आणि आतडी उरलेल्या दोघांनी. कवटी आमच्या ताईनं मिळवली, कपाटात ठेवलीय. परवा दाजी हळूच म्हणाले, "एकदा बघू दे ना गं..."

ताई म्हणाली, "रीतसर अर्ज करा."

केलाय बिचाऱ्यांनी. विचाराधीन आहे.