लातूरचं मशीन गप्प झालं तेव्हा

माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेचं सांगतो. विषय साधा होता: एक कम्प्युटर बंद पडला तरी माहिती दुसऱ्यावर शाबूत राहिली पाहिजे. एक मशीन नांदेडला माझ्यासमोर, दुसरं लातूरला आमच्या घरी, जिथं बायको शिकवणीच्या क्लासला आलेल्या पोरांचे डबे करते. मी दाखवून राहिलो होतो, तेवढ्यात जमीन हलकीच हादरली आणि लातूरचं मशीन गप्प झालं. नांदेडच्या मशीनवर काम बिनघोर चालू राहिलं.

परीक्षक म्हणाले, "वा!"

पण आम्ही भूकंप पाहिलेली माणसं. मी तिथूनच बायकोला फोन लावला.

"बरी हायस ना?"

"मला काय झालंय? क्लासच्या पोरांच्या डब्यासाठी चटणी वाटून राहिले. मिक्सर लावायला तुमच्या कम्प्युटरचा प्लग काढला."

मी मटकन खुर्चीत बसलो.

परीक्षकांनी घाबरून विचारलं, "काय झालं?"

म्हणलं, "काही न्हाई सर, चटणी झाली."