तिळाच्या तेलाची साक्ष

हॅलो?... हॅलो, कोण?... वहिनी? तुम्ही? आज?... अहो, आपला गुरुवार ठरलेला आहे ना, भावजी सार्वजनिक हमामात अंघोळीला गेले की... नाही, नाही, ठेवू नका. बोला. फक्त हळू बोला. मी चर्चच्या स्वयंपाकघरात आहे, दोनशे माणसांचं कोबीचं सूप माझ्या एका हाताखाली आहे, दुसऱ्या हातात तुम्ही.

...विचारायचंय? काय ते नंतर विचारा. आधी माझं ऐका. वहिनी, आज माझी अब्रू गेली. सुपात मीठ किती पडलं ते त्या परमेश्वरालाच ठाऊक.

...अहो हे! हे उठून गेले. भर उपासनेतून!

...नाही, कळ लागली म्हणून नाही. ऐका तर. पाळकसाहेबांचा आजचा उतारा कुठला, तर देवापुढं दान घेऊन आलास, आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काहीतरी सलतंय, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. बरं, हा उतारा मी तीस वर्षं ऐकतेय. तीस वर्षांत कोणी उठलंय? ऐकायचं, मान हलवायची, आमेन म्हणायचं, खाली येऊन जेवायचं. तशीच तर पद्धत आहे. आणि हे... दानाची थैली आमच्या रांगेपाशी आली, ह्यांनी हातातलं पाकीट बाकावर ठेवलं आणि चालू पडले. मधल्या वाटेनं. नव्या बुटांचा कर्रकर्र आवाज करत!

...हो ना! आणि तेही आज! आज चर्चच्या पंचांची निवडणूक आहे वहिनी, दीड वाजता, ह्यांचं नाव आहे त्यात. दर तीन मतांतली दोन मिळाली पाहिजेत. सात वर्षं पहाटेच्या प्रार्थनेला एकही खाडा नाही. सात वर्षं चर्चच्या फाटकाशी शिट्टी फुंकून लोकांच्या गाड्या लावल्या, बर्फ उपसलं, म्हाताऱ्यांना व्हॅनमधून घरी सोडलं. कशासाठी? आजच्यासाठी. आणि आज नेमकं ह्यांना शास्त्र समजलं.

...मी काय करणार? सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी सांगितलं, पोट बिघडलंय. ...सुचलं ते सांगितलं! तर पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून प्रार्थना केली. ह्यांच्या पोटासाठी. आतड्यांचं नाव घेऊन. दोनशे माणसं आमेन म्हणाली, वहिनी. मीही म्हणाले.

मल-सुन, अगं ऐक ना, तो गॅस बारीक कर. ...तुम्हाला नाही वहिनी, आमच्या गटातली मल-सुन आहे. हं, तर आता हे कुठं उलथलेत कोण जाणे, फोनही उचलत...

...काय?

...कुठं?

...तिथं? तुमच्यासमोर? आत्ता?

थांबा. थांबा जरा. मी कोठीत जाते. ...हं. बोला. सासूबाईंच्या कबरीपाशी? डोंगरावर? ...अगं बाई, आज कबरीवरचं गवत कापायचा रविवार. खरंच की. चुसोक, पितरांचा सण, तोंडावर आला. माझ्या डोक्यातूनच... नाही हो, आमचा रविवार चर्चचा, म्हणून आम्ही कधी... हो. अकरा वर्षं भावजी एकटेच कापताहेत. ठाऊक आहे मला. तुम्ही दर वर्षी सांगता ना, कंबर धरली म्हणून.

...टॅक्सीनं? सुटातच? वहिनी, तो राखाडी सूट पंच झाल्यावर शपथविधीला घालायचा होता! ...गवत कापायचं मशीन हातात घेतलं? ह्यांनी? गवताचे डाग निघत नाहीत हो कशानं!... आणि भावजी? भावजी काय म्हणाले? ...काहीच नाही? अकरा वर्षांनी धाकटा भाऊ समोर उभा आणि एक शब्द नाही? ...काय दिलं? चष्मा? डोळ्यांत खडे उडू नयेत म्हणून? ...स्वतःचा काढून? ...न बोलता?

...हं. नाही, काही नाही. सर्दी झालीये मला.

बरं वहिनी, एक सांगा, खरं सांगा. हे वाकले का? ...अहो, म्हणजे कबरीपुढं! गुडघे टेकून, कपाळ टेकून, तसे वाकले का? ...वाकले?! ...गवत उचलायला. देवा! नीट सांगा ना, माझा जीव गेला इथं. आमच्या डीकनबाई प्योंच्या सासऱ्याची कबर त्याच उतारावर आहे, त्यांचा मुलगा आज गवत कापायला आला असेल. गवत उचलणं आणि नमस्कार ह्यांत लांबून फरक दिसत नाही वहिनी, आणि डीकनबाई प्योंना जवळूनही दिसत नाही. पितरांपुढं वाकलेला माणूस आमच्या चर्चात पंच होत नाही, शिट्टीवालासुद्धा राहत नाही.

...मग? ...भावजींनी चटई अंथरली. पेल्यात दारू ओतली. फळं मांडली, धिरडी मांडली... आणि ह्यांना म्हणाले, "तू तुझं कर"? ...बोलले की मग! अहो तीन शब्द का असेनात, बोलले! ...आणि ह्यांनी काय केलं? ...प्रार्थना. उभ्यानं. ...किती वेळ? ...वहिनी, हसू नका. ह्यांना आवरतं घेता येत नाही, सगळे देश येतात त्यात. ...भावजी तोवर पेला धरून उभे? ...मुंगी पडली? आणि तरी थांबले? ...आमेन झाल्यावरच कबरीवर ओतली?

...हो. ऐकतेय.

मी तुम्हाला सांगते वहिनी, घरात चपलांच्या कपाटावर माझ्या हातानं लिहिलेलं वचन लावलंय, "आधी समेट." ब्रशनं लिहिलंय. अक्षर चांगलं आलं म्हणून लावलं होतं हो. कोणी करावं म्हणून नाही.

...हं, मग ह्यांनी विचारलं? थेट? काय म्हणून? ..."दादा, मी आईपुढं वाकलो नाही ते तुझ्या मनात आहे ना?" ...बाई गं. बरोबरच विचारलं. तेच तर आहे सगळ्याचं मूळ. सासूबाईंच्या पहिल्या वर्षश्राद्धाला हे वाकले नाहीत आणि तिथून... 

...नाही?

...नाही म्हणाले? ...आईनंच ह्याला लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत घातलं होतं, हा वाकणार नाही हे आईला माहीत होतं... असं म्हणाले भावजी? मग अकरा वर्षं काय म्हणून...

...मला विचार म्हणाले? काय विचार?

..."तुझ्या बायकोला विचार, निळ्या फडक्याचं." 

...

...हॅलो? हो, आहे. ...नाही, कट नाही झाला. इथं पंखा आहे, त्याचा आवाज... कुठलं फडकं? ...निळी फडकी काय घरात दहा असतात वहिनी. ...हो, हेच विचारायला फोन केलात होय? केव्हाच्या विचारायचंय म्हणताय आणि मीच बोलत सुटले. ...नाही हो. मला नाही आठवत.

...कोण आहे? मल-सुन, झाकण ठेव म्हटलं ना! काय? ...उभी राहून मतं घेणार की चिठ्ठीनं, ते मला काय विचारतेस! जा तू.

...वहिनी.

...वहिनी, मी खोटं बोलले. आत्ता. मला आठवतंय.

नाही, तुम्ही काही बोलू नका, मध्ये थांबले तर मला पुढं बोलवणार नाही. ते पहिलं श्राद्ध. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी आमच्याकडं डबा घेऊन आले होते, श्राद्धाच्या जेवणाचा, तुमच्या त्या निळ्या रेशमी फडक्यात बांधलेला. दारातच दिला. "तुमच्या वहिनीनं पहाटे उठून तळलंय" म्हणाले आणि उतरले खाली. मी तेव्हा नुकतीच गटप्रमुख झाले होते. त्याच आठवड्यात आमचा धडा होता, मूर्तींपुढं ठेवलेलं अन्न खायचं नाही. वहीत लाल शाईनं लिहून घेतलं होतं मी. ...हो. तेच. दहा मिनिटं थांबले, खाली गेले आणि सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात... सगळं. मुगाची धिरडी, माशाची, ती नासपतीही. फडकं कोरड्या कचऱ्यात टाकलं. वेगवेगळं टाकलं, नियमानं.

...मला वाटलं कोणी पाहिलं नाही.

...भावजींनी? आत्ता तुमच्या कानात सांगताहेत? ...पण ते तर गेले होते! ...कशाला परत आले होते?

...

...तेलाची बाटली? गाडीत राहिली म्हणून?

...वहिनी, तिळाचं? हिरवी बाटली? मानेला सुतळी?

...अगं आई गं.

...थांबा. मला बसू दे. कांद्याच्या पोत्यावर बसते. ...वहिनी, ती बाटली मला संध्याकाळी दाराशी सापडली. चिठ्ठी नाही, काही नाही. त्या महिन्यात घरातलं तेल संपलेलं. मी गुडघ्यावर प्रार्थना केली होती, काहीतरी खूण दे, मी केलं ते तुला पटलं का ते सांग. आणि दार उघडलं तर तेल! मला वाटलं... मला वाटलं, त्यानंच पाठवलं. बक्षीस म्हणून.

...गप्प नाही बसले वहिनी, तेच तर. बुधवारच्या सभेत उभी राहिले. साक्ष दिली. अन्न टाकलं त्याची, कोणाचं ते न सांगता, आणि तेल मिळालं त्याचीही. टाळ्या पडल्या. पाळकसाहेबांनी चर्चच्या पत्रकात छापली. आमच्या गटात नवीन बाई आली की अजून ती साक्ष सांगतात. मल-सुनला तोंडपाठ आहे.

...म्हणजे भावजी बाटली घेऊन परत आले होते, मला खाली डब्यापाशी पाहिलं, आणि तरी मी घरात गेल्यावर बाटली दाराशी ठेवून गेले?

...तुम्हालाही सांगितलं नाही? अकरा वर्षं? ...का?

..."तू पहाटे तीनला उठली होतीस म्हणून"...

...

...वहिनी, तुम्ही रडताय का? ...चिडलात? चिडा. चिडाच. आणि हेही ऐका, त्यानंतर पहिल्या गुरुवारी तुम्ही विचारलंत धिरडी कशी झाली होती, आणि मी म्हटलं इतकी छान की कृती सांगा. तुम्ही सांगितलीत. पाऊण तास. ...म्हणून दर वर्षी भावजींच्या नकळत मुगाची धिरडी पाठवता, ते मला... नाही, नाही! ती खाल्ली! नंतरची सगळी खाल्ली, वहिनी, शप... नाही, शपथ घ्यायची नाही असंही शास्त्रात लिहिलंय. खाल्ली. एवढंच.

...हे कुठं आहेत? ...बसलेत? भावजींशेजारी? ...ह्यांना माहीत झालं का? ...नाही? विचारताहेत? ...नको, भावजींना सांगायला लावू नका, त्यांनी अकरा वर्षं नाही सांगितलं, आता माझ्यासाठी कशाला... मी सांगेन ह्यांना. माझ्या तोंडानं.

...आणि खाताहेत काय हे?

...कुठलं? ...पुढ्यात ठेवलेलं? सासूबाईंच्या? ...दुसरं घेतलं?! ...भावजींनी वाढलं. हं. वाढलं म्हटल्यावर...

वहिनी, किती उरलंय? ...धिरडी. ...थोडी ठेवा. टाकू नका. म्हणजे... मी कोण सांगणार टाकू नका म्हणून. पण ठेवा. माझ्यापुरतं.

...कोणाला? भावजींना? नको. नको, नको, वहिनी, ऐका ना, त्यांना फोन देऊ नका, मी समोर येऊन... वहिनी? वहि...

...

...हॅलो.

...हो भावजी. मीच.

...

...तेल चांगलं होतं. ...हो. घाण्याचं होतं ते कळलं. ...वर्षभर पुरलं, थेंबथेंब घालायचे मी. ...बाटली आहे अजून. टाकली नाही.

...भावजी, मी...

...बरं. नाही बोलत.

...आत्ता? ...हो, येते. ...नाही, इथलं काही खाल्लेलं नाही. उपाशीच येते. ...थंड असली तरी चालतील. ...हो... हो... पुलानंतर डावीकडं, मग मधमाश्यांच्या पेट्या लागल्या की...

मल-सुन! हा डाव धर. ...मी चालले. सूप आहे तिथंच असू दे. ...आणि ऐक, मतं घ्यायच्या आधी पाळकसाहेबांना सांग, ह्यांच्या पोटाला काहीही झालेलं नाही. ...हो, माझं नाव घेऊन सांग. ...आणि ती माझी तेलाची साक्ष, ती नव्या बायकांना सांगू नकोस. ...कारण ती अर्धी आहे. उरलेली बुधवारी मी सांगेन. उभी राहून. टाळ्या नकोत म्हणावं.

...हॅलो? भावजी? ...हॅलो?

...ठेवला. ...नाही गं मल-सुन, रागानं नाही. टॅक्सीनं कुठं वळायचं ते दोनदा सांगून ठेवला.