चंद्राला वार कळतो

नाही, मला एक सांगा, चंद्राला वार कळतो का? आपल्या नव्हे हो, गुरूच्या. आयो म्हणतात त्याला. लग्नानंतर आमचे हे गच्चीवरून पहिल्यांदा 'आयो' म्हणून ओरडले, तेव्हा पाय मुरगळला समजून मी मलम घेऊन धावले होते. तर त्या आयोवर ज्वालामुखी, त्यांतून निघतो वायू, त्या वायूत म्हणे वीज भरलेली, तो कधी वाढतो कधी ओसरतो, तशी गुरूकडून येणारी रेडिओची खरखर बदलते, ती गच्चीवरच्या तारांत पकडायची आणि कागदावर तिची रेघ उमटवायची, हे ह्यांचं संशोधन. सासूबाई शेजारणींना सांगतात, त्याच्या चंद्राला गॅसेसचा त्रास आहे. मी नवीन. मी काय बोलणार?

तर ह्यांना शोध लागला. वायू वाढतो तो दर बुधवारी आणि शनिवारी, सकाळी सात दहाला, बरोब्बर अकरा मिनिटं. इतक्या लांबचा चंद्र, आणि आठवड्याला पाच सुट्ट्या घेतो! हे म्हणाले, यामागे फार खोल काहीतरी आहे, आणि परिषदेत वाचायला निबंधही लिहून ठेवला.

खोल कसलं, बाथरूममध्ये होतं. ह्यांच्या कानात हेडफोन, ह्यांना काय ऐकू येणार? पण बुधवारी-शनिवारी सात दहाला खाली बाथरूमची कडी लागते, आत सासरे, आणि मग घर्रर्र... हेअर ड्रायर. इतका जुना, की तो लागला की स्वयंपाकघरातला रेडिओही खरखरतो. टॉवेलवर काळे डाग. आणि मी तर गृहप्रवेशापासून ऐकतेय, आमच्या घराण्यात केस पिकत नाहीत, ते रक्तातच आहे. आता बोलावं तर सासऱ्यांचं बिंग फुटतं, गप्प बसावं तर सोमवारी परिषदेत दोनशे शास्त्रज्ञांपुढे नवऱ्याचं हसं. मी नवीन. मी काय बोलणार?

म्हणून शनिवारी ड्रायर पिठाच्या डब्यात लपवला. सासरे ओल्या डोक्यानेच चहाला आले, मानेवरून कॉलरमध्ये काळे ओघळ. सासूबाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "छत गळतंय वाटतं." तेवढ्यात हे पांढरेफटक होऊन खाली, वायू गेला म्हणे, ज्वालामुखी विझले बहुतेक... आणि दुपारपर्यंत दुसरा निबंध तयार, 'आयोचा अंत'!

मग मात्र बोलले. लग्नानंतरचं माझं सगळ्यात लांब वाक्य, डाग, कडी, ड्रायर, सात दहा, अकरा मिनिटं, पीठ, सगळं एका दमात. ह्यांनी ऐकलं. दोन्ही निबंध हळूच खाली ठेवले. मला वाटलं, आता रडतात, तीन वर्षांची मेहनत हो... तर कानशिलावर हात नेऊन म्हणाले,

"म्हणजे माझेही पिकणार?"

परिषदेला कळवलं, तब्येत बरी नाही. ड्रायर झटकून मी जागेवर ठेवला. हल्ली बुधवारी-शनिवारी गच्चीवर कुणी नसतं, पण सात दहाला कागदावरची रेघ चढते, आणि चढलेली राहते ती अकरा नाही, बावीस मिनिटं. बाथरूमला आतून कडी.

मी नवीन. मी काय बोलणार?