उत्तररंगातला श्वास

शोभना : आता बोला ना डॉक्टरबाईंसमोर! घरातून निघताना तर म्हणत होतात, एकदा खात्री करून घेऊ आणि कीर्तन सोडू.

गोपीनाथ : बोलायचं काय? सारी उमर मिलमध्ये कापसाची धूळ खाल्ली. मिलला टाळं लागलं, धूळ आत राहिली. फुप्फुसं संपली माझी. रामनवमीला दुसरे बुवा बघा, असं देवळात सांगूनही आलो.

डॉ. अमिता : देखो काका, तुम्ही नळीत फुंकलंत, मग पंप घेतलात, थोडं थांबून पुन्हा फुंकलंत. दुसऱ्यांदा काटा कुठं गेला?

गोपीनाथ : वर गेला. मशीन खराब असेल.

शोभना : घ्या! मशीन खराब, आणि हे ठीक!

डॉ. अमिता : मशीन एकदम ठीक है. फुप्फुसं संपली असती तर पंपानं एवढा फरक पडला नसता. हा दमा आहे. आतल्या नळ्या आवळतात, सुजतात, कफ चिकटतो. मग काही भागांत हवा पोचते, काहींत पोचत नाही. आत गेलेलीही पूर्ण बाहेर पडत नाही. नव्या हवेला जागा कुठली?

शोभना : माझ्या पेटीसारखंच की! भाता चांगला, पण कचरा अडकला की काही सूर वाजतात, काही मुके.

डॉ. अमिता : बस, हेच! फक्त इथं वाट आवळली आहे, ती औषधानं मोकळी होते.

गोपीनाथ : आणि मिलची धूळ?

डॉ. अमिता : तिनं त्रास वाढवला असेल, नाही म्हणत नाही. पण सगळं नेलेलं नाही तिनं. दम लागतो कधी? अगदी सुरुवातीपासून?

गोपीनाथ : नाही ना! पूर्वरंगात निरूपण खणखणीत होतं. मध्यंतरात हार-बुक्का होतो आणि उत्तररंगात आख्यान लावलं की छातीत शिट्टी वाजते. मला वाटलं, देवच सांगतोय, गोप्या, बस कर आता.

डॉ. अमिता : मध्यंतरात आणखी काय होतं?

शोभना : मारुती धूप आणतो. यांच्याच खात्यात होता मिलमध्ये. सियागंजच्या बाजारातून खास धूप आणतो आणि यांच्या तोंडापुढे धुपाटणं धरून उभा राहतो, डोळे मिटून.

डॉ. अमिता : अहो काका!

गोपीनाथ : त्याला नको कसं म्हणू? मिल गेली, आता देवाची सेवाही काढून घेऊ?

शोभना : काढायची कशाला? झांज द्या हातात. माझ्या शेजारी उभा राहील.

डॉ. अमिता : बढिया! बुक्काही उधळायचा नाही. हा पंप रोज घ्यायचा, हा दुसरा दम लागला तर. तरी श्वास मोकळा झाला नाही तर कीर्तन थांबवून सरळ दवाखाना. देवाच्या नावावर तसंच पुढे रेटायचं नाही.

गोपीनाथ : सवय नाही ना लागणार?

शोभना : चष्मा लावताना नाही विचारलंत ते!

(गोपीनाथ डोळे मिटून एका दमात रामाचा जयघोष करतात. बाहेरच्या बाकावरून कुणीतरी ‘जय हो बुवा!’ म्हणतं.)

शोभना : सबंध झाला हो. कुठं तुटला नाही.

गोपीनाथ : होळीच्या कीर्तनात मी तुझ्यावर रागावलो होतो. आख्यान सोडून पेटीच लांबवत बसतेस, मिरवतेस म्हणून.

शोभना : तुम्हाला श्वास घेता यावा म्हणून लांबवत होते. लोकांना कळू नये, एवढंच.

गोपीनाथ : मला तरी सांगायचंस.

शोभना : सांगितलं असतं तर त्याच दिवशी कीर्तन सोडलं असतंत. मिल बंद झाल्यावर भिंतीकडे बघत बसायचात, ते पाहिलंय मी.

गोपीनाथ : ...डॉक्टरबाई, एक फोन करू? देवळात कळवतो, दुसरे बुवा नकोत म्हणून.

डॉ. अमिता : करा ना. मीही येते ऐकायला.

गोपीनाथ : आणि ऐक गं, या वेळी मधेच पेटी लांबवायची नाही.

शोभना : नाही लांबवणार. बोटं तेवढी पट्ट्यांवर ठेवीन.